तानसेनला गायक नको होते

सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, 2024 च्या नोव्हेंबरात नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात पाच जणांचं पथक पाठवलं. तानसेन गावाजवळची एक लहान मंडळी हातमागावर ढाका कापड (नेपाळी टोप्या-शालींचं नक्षीदार कापड) विणणाऱ्या बायकांचा गट चालवते, त्या गटाला हातभार लावायचा होता. जायचं ठरल्यापासून निघेपर्यंत वाद झाला तो जवळजवळ एकाच गोष्टीवरून: जाणार कोण? म्हणून हे प्रकरण मुख्यतः त्या वादाचं आहे, प्रवासवर्णन नाही. कमिटीवर मी होते, पथकात नव्हते. नावं कुणाचीच देत नाही. नेपाळमधल्या माणसांची तर मुद्दाम नाही, त्याचं कारण पुढे येईल.

सात रस्त्याजवळ चायनीजच्या गाडीवर काम करणारा एक नेपाळी मुलगा काही वर्षांपासून आमच्या उपासनेला येतो. लिपी देवनागरीच, त्यामुळे गीतपुस्तक तो पहिल्या दिवसापासून वाचत होता. अर्थ मात्र उपासना संपल्यावर शेजारच्या बाकावरच्या आजींना विचारून घ्यायचा. त्याची आई त्या गटात विणते. तिच्यामार्फत तिथल्या पास्टरांशी ओळख झाली आणि ‘आम्ही येऊ का?’ असं आमच्याकडूनच विचारलं गेलं.

जुन्या लोकांना तानसेन हे नाव अगदीच परकं नव्हतं. युनायटेड मिशन टू नेपाळ ही ख्रिस्ती संस्था 1954 साली स्थापन झाली ती आपल्या नागपुरात, आणि तानसेनचं हॉस्पिटल हे तिच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक. नेपाळ सरकारने त्या मंडळींना काम करू दिलं ते धर्मप्रचार करायचा नाही या अटीवर. दवाखाना चालवा, शाळा चालवा, प्रचार नको. सत्तर वर्षांपूर्वीची ही अट आमच्या तरुण संघातल्या कुणालाच माहीत नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं.

पहिला बेत आणि त्याला आलेलं उत्तर

तरुण संघाचा बेत असा होता: दिवाळीच्या सुट्टीत चौदा जणांनी जायचं, आठवडाभर राहायचं. संध्याकाळी गीतं आणि पथनाट्य, दिवसा मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा, एक दिवस आरोग्य तपासणी, शेवटच्या दिवशी सोलापुरी चादरींचं वाटप. गिटार आणि ढोलक कोण उचलणार हे ठरलं होतं. टी-शर्टचा रंगसुद्धा ठरला होता. पास्टरांना पत्र त्यानंतर गेलं, यातच बरंच काही आलं.

उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, हिंदीतून, एकामागून एक व्हॉइस मेसेज. माणूस फार सभ्य. पहिले दोन मेसेज नुसते आभाराचे. तिसऱ्यात कळलं की दिवाळीत तिकडे तिहार असतो, त्याच्या आधी दशैं (त्यांचा दसरा), आणि त्या दिवसांत एकही बाई मागावर बसत नाही. पावसाळ्यात तर येऊच नका, कारण बुटवलहून वर येणाऱ्या रस्त्यावर सिद्धबाबाच्या टप्प्यात दरडी कोसळतात. (सिद्धबाबा हे नाव ऐकल्यावर कमिटीतले एक जण म्हणाले, “म्हणजे आपलेच की!” सोलापूरकराला आपलं ग्रामदैवत सिद्धेश्वर कुठेही भेटतं.) चौथ्या मेसेजमध्ये खरी गोष्ट आली. पथनाट्य आणि मुलांची शाळा नको. तपासणी करायची तर तिथल्या वैद्यकीय कौन्सिलची परवानगी लागते, ती इतक्यात मिळणार नाही. आणि मग, जरा अडखळत: “आपके शहर में तो करघे बहुत हैं ना? कोई करघे का आदमी मिल जाए तो...” दोन-तीन माणसं आली तरी पुरे, पण थोडे जास्त दिवस राहा, असंही शेवटी होतं.

नको म्हणण्यामागे कायदा होता. नेपाळच्या 2015 च्या संविधानातल्या कलम 26 मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. 2018 पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या (तिथल्या फौजदारी कायद्याच्या) कलम 158 प्रमाणे त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढतात. 2021 च्या जनगणनेत तिथे ख्रिस्ती 1.76 टक्के. गावात कुणाच्या मनात आलं, तर परक्या देशातून आलेल्या माणसांनी हिंदू घरातल्या मुलांना गोळा करून गाणी शिकवली आणि खाऊ वाटला, एवढंही तक्रारीला पुरतं. आमचे चौदा जण गोरखपूरच्या गाडीत बसून घरी येतील. पोलीस चौकीत हाजरी द्यायला मागे राहतील ते पास्टर. नावं देत नाही आणि फोटोही दाखवत नाही, ते एवढ्यासाठी.

हे तरुण संघापुढे मांडलं तेव्हा प्रतिक्रिया दोन आल्या. काही मुलं म्हणाली, मग तर जायलाच पाहिजे, छळाला भिऊन कसं चालेल. या वयात असं वाटणं चुकीचं नाही, पण छळ दुसऱ्याच्या वाट्याला येणार असेल तर त्यात आपलं धैर्य कसलं? निवृत्त रेल्वे गार्ड असलेले आमचे एक वडील सदस्य एवढंच म्हणाले, “सिग्नल लाल आहे. गाडी तुमची नाही, पॅसेंजर तुमचे नाहीत. थांबा.” दुसरी प्रतिक्रिया जास्त अवघड होती: सुवार्ता सांगायची नसेल तर याला मिशन का म्हणायचं?

चादरींचं प्रकरण

मंडळीतल्या एका कुटुंबाचा अक्कलकोट रोडला कारखाना आहे. त्यांनी चाळीस चादरी देऊ केल्या होत्या. मनापासून दिल्या होत्या आणि माल चांगला होता, म्हणून नाही म्हणणं सगळ्यांनाच जड गेलं.

अडचणी एकेक करून पुढे आल्या. सीमेवरच्या सोनौलीच्या नाक्यावर चाळीस चादरींचा गठ्ठा पाहिला की कस्टमवाला तो भेट म्हणून सोडत नसतो, व्यापाराचा माल म्हणूनच बघतो. ख्रिस्ती पथकाने चादरी वाटल्या की ‘आमिष’ हा शब्द निघणारच. पण सगळ्यात नेमकी गोष्ट बोलली ती देणाऱ्यांची सून. ती घरचा हिशेब बघते. “ज्या बायका विणून पोट भरतात, त्यांना पॉवरलूमचा माल फुकट वाटायचा?” यावर सासरे काही बोलले नाहीत. नंतर तिकडे गेल्यावर बायकांनी सांगितलं की त्यांच्या ढाक्याला मारतो तो यंत्रावरचा स्वस्त ढाका, आणि त्यातला बराच भारतातूनच येतो. सुनेला हे कळवलं तर ती म्हणाली, “मग? मी काय वेगळं सांगत होते?”

शेवटी चारच चादरी गेल्या, ज्यांच्या घरी उतरायचं त्यांच्यासाठी.

अण्णा

करघ्याचा, म्हणजे मागाचा, माणूस मिळणं सोलापुरात कठीण असायचं कारण नाही, असं वाटलं होतं. पण आज इथे माग म्हणजे पॉवरलूम. आमच्या मंडळीतला एक जण जॉबर आहे, यंत्रमाग उघडून जोडणारा, हुशार. तोच म्हणाला की हातमागातलं मला वरवरचं कळतं. खरा माणूस पाहिजे तर आमच्या शेजारचे अण्णा. अण्णा सत्तरीच्या घरातले, पद्मशाली (तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातले), आयुष्याची पहिली वीस-बावीस वर्षं हातमागावर आणि नंतरची यंत्रमागावर काढलेले. मार्कंडेयाचे भक्त. नारळी पौर्णिमेच्या रथाला आजही चालत जातात.

ख्रिस्ती मंडळीच्या मिशन पथकात अण्णा कसे बसवायचे?

या एका प्रश्नावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. एका बाजूचं म्हणणं: ज्याचा विश्वासच नाही तो साक्ष काय देणार, आणि तिथल्या लहानशा मंडळीला काय वाटेल? दुसऱ्या बाजूने बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18 काढलं: पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचं काम करत होता. लगेच पहिल्या बाजूने उत्तर आलं की पौल शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलतही होता, तेवढंच वाक्य कसं काय गाळता? हे उत्तर बिनतोड होतं. मी अण्णांच्या बाजूने होते आणि अजून आहे, पण पौलाला मध्ये आणायची गरज नव्हती असं माझं मत. पास्टरांनी मागाचा माणूस मागितला होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला असावा असं म्हटलं नव्हतं.

वाद मिटला तो वेगळ्याच माणसामुळे. कमिटीतले सर्वांत ज्येष्ठ आजोबा सेटलमेंटमध्ये वाढलेले. इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, ती वस्ती. तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. ते क्वचितच बोलतात. म्हणाले, “आमच्यासाठी चांगलंच करायला आले होते. शाळा काढली, काम दिलं. पण काय पाहिजे म्हणून आम्हाला कोणी विचारलं नाही. या माणसाला तुम्ही विचारलंत, त्याने सांगितलं. आता त्याचं ऐकायचं का आपलं, एवढंच बघा.”

आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी मग रेघ आखून दिली: मंडळीच्या वतीने बोलणारे मंडळीचे असतील, हुन्नर शिकवणारा कोणीही असेल. अण्णांना ‘मिशनरी’ म्हणायचं नाही, पाहुणे शिक्षक म्हणायचं.

अण्णांच्याही अटी होत्या. “मला भजनाला उभं करू नका, बाकी काय पण सांगा.” सकाळची पूजा ते करणार, त्यात कोणी लक्ष घालायचं नाही. आणि नेपाळला जातोय तर पशुपतिनाथ बघायचा. जॉबर “हो, हो” म्हणाला. तानसेनहून काठमांडू म्हणजे डोंगरातला एका दिवसाचा रस्ता आहे, हे त्याने नकाशावर पाहिलं नव्हतं.

पैसा, तारीख, कागद

मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला आहे. सीएंनी पहिल्यांदाच बजावलं की ट्रस्टचं उत्पन्न परदेशात खर्च केलं तर आयकराची सूट त्या रकमेला मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. म्हणून अर्पणातला एक रुपयाही यात घातला नाही. जाणाऱ्यांनी आपला खर्च आपण केला, ज्यांना मदत करायची होती त्यांनी ती त्यांच्या हातात दिली. अण्णांचं तिकीट कारखानदार कुटुंबाने काढलं. चादरी राहिल्या त्याबद्दल, असं सून हसत म्हणाली.

तिहार आणि छठ उलटल्यावर निघायचं तर 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. शिक्षक निवडणूक ड्यूटीवर, म्हणजे ते गळाले. पुढे नाताळच्या गीतांचा सराव, म्हणजे गायक गळाले. पथक लहान झालं त्यात आमच्या शहाणपणापेक्षा निवडणूक आयोगाचा वाटा मोठा. राहिले पाच: प्रमुख म्हणून गार्डसाहेब, जॉबर, अण्णा, कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहिणारी एक मुलगी, आणि एक परिचारिका. मतदान करून दुसऱ्या दिवशी निघाले. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. आधार चालेल असं समजून बसलेल्या दोघांना शेवटच्या आठवड्यात कार्ड शोधायला लागलं. एकाच आठवड्यात त्या कार्डाने मतदानही केलं आणि सीमाही ओलांडली.

पुणे, गोरखपूर, तिथून बसने सोनौली, पायी पलीकडे, भैरहवा, बुटवल आणि वर तानसेन. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी गोरखपूरपर्यंत पुरली.

तिथे काय झालं

नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी, आणि मंडळ्याही उपासना शनिवारीच करतात. आमचे लोक पहिल्या रविवारी सकाळी सवयीने कपडे करून बसले, तर पलीकडच्या खोलीतून मागांचा आवाज सुरू झाला. परिचारिका ताईंना ते जरा लागलं. अण्णा मात्र चहा तसाच ठेवून उठले आणि आवाजाकडे गेले.

पहिला दीड दिवस त्यांनी कशालाही हात लावला नाही. नुसते बघत होते. एका मागावर ताण्याचे (उभे) धागे सारखे तुटत होते आणि विणणारी बाई दर थोड्या वेळाने थांबून गाठ मारत होती. तिला वाटायचं सूत वाईट. अण्णांनी खिशातून सुतळी काढली, मागाच्या चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ताणून गाठ मारली, मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. दोन बोटं कमी पडली. चौकट गुण्यातच (काटकोनात) नव्हती, ताणा एका अंगाने ओढला जात होता. जॉबरने पाचर ठोकली, फणी सरळ बसवली. तरी धागे तुटायचे थोडे राहिले, तेव्हा अण्णांनी विचारलं, “खळ लावता का?” कुणी लावत नव्हतं. मग भाताची पेज गाळून, पातळ करून ताण्याला खळ कशी लावायची, ब्रश एकाच दिशेने कसा फिरवायचा, धागे चिकटू नयेत म्हणून कधी हलवायचे, यात तीन दिवस गेले. एका बाईने पेज दाट केली तर सगळा ताणा काठीसारखा कडक झाला. अण्णा चिडले, तेलुगूत चिडले. कुणाला कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं.

तांबड्या सुताचाही घोटाळा होता. टोप्या धुतल्यावर रंग उतरतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार. अण्णांनी प्रत्येक लडीतला हातभर धागा गरम साबणाच्या पाण्यात टाकला, पांढऱ्या फडक्यात पिळला. दोन लडींचं फडकं गुलाबी झालं. दुकानदाराकडून सूत घेताना आधी हे करायचं, मग पैसे द्यायचे.

हिशेब लिहिणारी मुलगी दुसऱ्या खोलीत होती. गटाकडे एक वही होती, तिच्यात सुताची उधारी, मजुरी आणि मंडळीचं दान एकाच पानावर. तिने तीन वह्या केल्या. मग एक टोपी विणायला लागणारं सूत आणि वेळ मांडून दाखवला, तर एका नक्षीच्या टोपीवर गटाला चक्क तोटा होत होता. तीच नक्षी बायकांची सगळ्यात आवडती. ती बंद करायची की किंमत वाढवायची, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं नाही, आणि मुलीने आग्रह धरला नाही. हे तिचं मला फार आवडलं.

परिचारिका ताईंचं काय? परवानगीशिवाय काही करायचं नव्हतं. त्या दोन म्हाताऱ्यांना सोबत म्हणून तानसेनच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या, बाकी वेळ स्वयंपाकघरात. त्यांना पाठवायला नको होतं असं माझं मत आहे. त्यांचं मत वेगळं आहे, कारण स्वयंपाकघरातली एक गोष्ट त्यांनाच दिसली. पाच पाहुण्यांचं दोन वेळचं रांधायला गटातल्या दोन बायका रोज मागावरून उठत होत्या, आणि मजुरी नगावर असल्यामुळे त्यांची रोजची कमाई बुडत होती. वर कोंबडी. ताईंनी गार्डसाहेबांना सांगितलं. पैसे देऊ केले तर यजमान दुखावणार, म्हणून तोडगा निघाला: ताई आणि ती मुलगी रांधणार, बायका विणणार, किराणा पथकाचा. पहिल्या दिवसाची आमटी कुणालाच आवडली नाही. चौदा जण गेले असते तर काय झालं असतं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

शनिवारच्या उपासनेत गार्डसाहेब मंडळीच्या वतीने चार वाक्यं बोलले. अण्णा बाहेर उन्हात बसले होते. पास्टर उपासना संपल्यावर आधी त्यांच्याकडे गेले.

परत आल्यानंतर

अहवालाच्या बैठकीत तरुण संघाचे बरेच जण आले नाहीत. त्यांचा राग मला पटत नाही, पण समजतो: बेत त्यांचा होता, पैसे जमवायला सुरुवात त्यांनी केली होती, आणि गेले दुसरेच. त्यांना कोणीतरी नीट बोलावून सांगायला हवं होतं, ते झालं नाही. टी-शर्ट नाताळच्या फेरीला वापरले.

मागांचं काम टिकलं आहे. खळ दोन मागांवर नियमित लागते, तिसऱ्यावर ती बाई म्हणते तिला गरज नाही. पण गटाची खरी अडचण गिऱ्हाईक ही आहे, आणि त्यावर आमच्याकडे अजून काही उत्तर नाही. कारखानदारांच्या सुनेने नमुन्याला काही टोप्या आणि शाली मागवल्या आहेत. सोलापुरात नेपाळी टोपी कोण घेणार, असं सासरे विचारतात. पुण्यात घेतील, असं ती म्हणते.

पास्टरांनी पुन्हा निरोप पाठवला आहे: नवीन दोन माग उभे करायचेत, अण्णांना महिनाभर पाठवाल का? अण्णा तयार आहेत. मात्र मागच्या वेळी परतताना त्यांना लुंबिनी दाखवून समजूत घातली होती, ती या वेळी चालणार नाही. आधी पशुपतिनाथ, मग माग. काठमांडूचं भाडं कोणी द्यायचं यावर कमिटीत पुन्हा दोन तट पडले आहेत. ख्रिस्ती मंडळीच्या लोकांनी पशुपतिनाथाच्या दर्शनाला पैसे द्यायचे का, असा प्रश्न एकाने लेखी दिला आहे. ट्रस्टचे पैसे नाहीत, तेव्हा ज्याला द्यायचे त्याने द्यावेत, असं सीएंचं म्हणणं. विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर चौथ्या क्रमांकाला आहे, गच्चीच्या गळतीनंतर.